पाण्याआडचं फुफ्फुस

छातीत पाणी झालंय असं कळलं की घरचे लोक पहिलं विचारतात, किती आहे? पेशंट पाठवणारे डॉक्टर फोन करतात तेही हेच विचारतात, मॅडम किती आहे, काढण्याएवढं आहे का? आणि रिपोर्टमध्येही बहुतेक वेळा तेवढंच उत्तर असतं, डाव्या बाजूला मध्यम प्रमाणात पाणी, अंदाजे अमुक एमएल, खाली सही आणि शिक्का. मी सिंधुदुर्गात एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं सोनोग्राफी करते आणि जसजशा छात्या बघत गेले तसतसं मला वाटायला लागलं की हा प्रश्न अपुरा आहे. पाणी किती हे महत्त्वाचं आहेच, नाही कोण म्हणतंय, पण त्या पाण्यात एक फुफ्फुस बुडालेलं असतं, ते कुठल्या अवस्थेत आहे, श्वासाबरोबर हलतंय का, त्याच्या आत न्यूमोनिया आहे का, पाणी काढल्यावर ते परत फुगेल का, हे फार कमी जण विचारतात. आणि ते दिसत असतं! समोर स्क्रीनवर दिसत असतं, फक्त दोन मिनिटं जास्त थांबून बघायला आणि लिहायला पाहिजे.

माझं रोजचं काम म्हणजे गरोदर बायका, मुतखडे, पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स. मी शिकत होते तेव्हा छाती म्हणजे एक्स-रे आणि फार तर सीटी हेच डोक्यात बसवलेलं, सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवायचा तो पाणी आहे की नाही एवढं बघायला. त्यामागचं कारणही खरं होतं. आपल्या मशीनचा, कानाला न ऐकू येणारा आवाज मऊ मांसातून सेकंदाला साधारण 1540 मीटर वेगाने जातो, लिव्हर, किडनी, बाळ, सगळ्यातून बिनबोभाट जातो, पण समोर हवा आली की जवळजवळ सगळाच्या सगळा मागे फिरतो, आणि फुफ्फुस तर हवेनेच भरलेलं. त्यामुळे निरोगी माणसाच्या छातीवर प्रोब ठेवला तर दोन फासळ्यांच्या काळ्या सावल्यांच्या मध्ये एक चमकदार पांढरी रेघ दिसते, ती प्लुराची, म्हणजे फुफ्फुसावरच्या आवरणाची रेघ, आणि तिच्या खाली सारख्या अंतरावर तिच्याच फिक्या प्रती. त्यांना ए-लाइन म्हणतात. त्या प्रती म्हणजे फुफ्फुस नव्हे, आवाज प्रोब आणि रेघ यांच्यात मागेपुढे आपटत राहतो त्याचा तो परिणाम. फुफ्फुस स्वतः दिसतच नाही. दिसते ती त्याची हालचाल, श्वास घेतला की ती पांढरी रेघ चमचम करत सरकते.

मग पाणी होतं. त्या आवरणाचे दोन पदर असतात आणि त्यांच्यामध्ये एरवी एखाद-दोन चमचे द्रव असतो, घर्षण होऊ नये म्हणून. टीबी, न्यूमोनिया, हार्टचा त्रास, लिव्हर किंवा किडनीचा आजार, कॅन्सर, कशानेही तो वाढतो, कधी दोन-दोन लिटर होतो, फुफ्फुस दाबलं जातं आणि त्यातली हवा निघून जाते. आणि इथे मला दरवेळी नवल वाटणारी गोष्ट घडते, की हवा गेली आणि पाणी आलं की आवाजाला वाट मोकळी होते. ज्या पाण्याने माणसाचा जीव घाबरा केलेला असतो त्याच पाण्यातून आरपार बघता येतं आणि एरवी कधीच न दिसणारं फुफ्फुस समोर येतं. राखाडी, घट्ट, जवळजवळ लिव्हरसारखं, टोकाला निमुळतं होत गेलेलं, आणि हार्टच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्या काळ्या पाण्यात लवलवणारं. पुस्तकात याला जेलीफिशचं चिन्ह म्हणतात. आमच्याकडे जाळ्यात जेलीफिश आलेली सगळ्यांनी बघितलेली असते, त्यामुळे पेशंटला स्क्रीनवर दाखवलं की तो लगेच मान डोलावतो.

ते लवलवणं मला फार मोलाचं वाटतं. मोकळं हलणारं फुफ्फुस म्हणजे अजून मऊ आहे, वरून पाणी काढलं की फुगण्याची शक्यता चांगली. तेच जर पाणी भरपूर असूनही एका जागी अडकल्यासारखं, ताठ, त्याच्यावर जाड पांढरा थर, तर मनात पाल चुकचुकते.

छाती वाजवून बघायची पद्धत मी अजूनही सोडलेली नाही, आधी बोटांनी वाजवते मग जेल लावते. ही पद्धत व्हिएन्नातल्या ऑएनब्रुगर नावाच्या डॉक्टरांनी 1761 साली पुस्तक लिहून जगापुढे मांडली. त्यांचे वडील खानावळ चालवायचे, दारूची पिंपं किती भरलीयत ते वाजवून बघायचे, त्यावरून हे सुचलं असं सांगतात. त्यांच्या हयातीत बराच काळ कोणी फारसं लक्ष दिलं नाही, 1808 मध्ये कोर्व्हिसार यांनी फ्रेंच भाषांतर केल्यावर ती युरोपभर गेली. मग 1816 मध्ये लाएनेक यांनी कागदाची गुंडाळी करून छातीला लावली आणि स्टेथोस्कोपची सुरुवात झाली, छातीत पाणी असेल तर त्याच्या वरच्या कडेला पेशंटचा आवाज बकरीसारखा चिरका ऐकू येतो हेही त्यांनीच नोंदवलं. लाएनेक स्वतः टीबीने गेले, 1826 मध्ये. बोटं आणि कान यांच्यावर माझी श्रद्धा आहे, पण आकडे बघितले की प्रोब का हवा ते कळतं. फ्रान्समधल्या डॅनियल लिख्टेनश्टाइन या आयसीयूच्या डॉक्टरांनी 2004 साली एआरडीएसच्या, म्हणजे फुफ्फुसं अचानक निकामी होत जाणाऱ्या गंभीर आजाराच्या 32 पेशंटमध्ये सीटी प्रमाण धरून तुलना केली, पाणी ओळखण्यात स्टेथोस्कोप 61 टक्के बरोबर, झोपवून काढलेला एक्स-रे 47 टक्के आणि सोनोग्राफी 93 टक्के. याच डॉक्टरांनी पुढे 2008 मध्ये ब्लू प्रोटोकॉल मांडला, धाप लागलेल्या 260 पेशंटमध्ये छातीच्या ठरावीक जागांवर प्रोब ठेवून 90.5 टक्के वेळा दम लागण्याचं कारण बरोबर निघालं. जे फुफ्फुस सोनोग्राफीचं नाहीच असं आम्हाला शिकवलेलं, त्या फुफ्फुसावर.

उभ्याने काढलेल्या नेहमीच्या एक्स-रेत खालचा कोपरा बोथट दिसायला साधारण 200 एमएल पाणी लागतं, प्रोबला त्याच्या कितीतरी कमी पुरतं. पण पुन्हा तेच, मला इथे एमएलचं फार कौतुक नाही. 2006 पासून एक सूत्र प्रचलित आहे, दोन पदरांमधलं जास्तीत जास्त अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि 20 ने गुणायचं, म्हणजे 20 मिलिमीटर अंतर असेल तर 400 एमएल. सूत्र चांगलं आहे, पण ते व्हेंटिलेटरवरच्या, पाठीवर झोपलेल्या आणि धड थोडंसं वर केलेल्या पेशंटसाठी काढलेलं आहे, आपण ते खुर्चीत बसलेल्या माणसाला लावतो आणि रिपोर्टात ठामपणे आकडा ठोकतो, हे मला पटत नाही. मी अंदाज लिहिते आणि पेशंट कसा बसला होता तेही लिहिते.

बघायची रीत मी सांगते, कारण नवीन मुलं घाईत वरून खाली येतात. पेशंटला बसवायचं, पाठ माझ्याकडे, हात समोरच्या खांद्यावर किंवा उशीवर. सुरुवात खालून. आधी लिव्हर किंवा प्लीहा, किडनी, मग त्यांच्यावरचा डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, तो सापडल्याशिवाय पुढे जायचंच नाही, कारण भरपूर पाणी असलं की डायफ्राम खाली ढकलला जातो, कधी डाव्या बाजूला तर चक्क उलटा होतो आणि पाणी पोटात आहे की छातीत असा गोंधळ होतो. एरवी मणके डायफ्रामपर्यंतच दिसतात, त्याच्या वर फुफ्फुसातल्या हवेआड जातात, पाणी असेल तर मणक्यांची रांग डायफ्रामच्या वरही सरळ चालू राहते. तेवढी खूण मिळाली की पाणी छातीतच आहे हे नक्की. मग पाण्याचा रंग. निव्वळ काळं आहे, की आत कण फिरतायत, की तंतू आहेत, की सगळंच दाट राखाडी. काळं पाणी कुठल्याही कारणाचं असू शकतं, पण कण आणि जाळी दिसली की ते साधं हार्टचं पाणी असण्याची शक्यता खूप कमी होते. आणि ही जाळी सीटीपेक्षा सोनोग्राफीत जास्त चांगली दिसते, हे अजून पुष्कळ डॉक्टरांना सांगावं लागतं, सीटीसाठी गाडी करून कोल्हापूरला निघालेल्या लोकांना तर नक्कीच सांगावं लागतं.

आणि मग फुफ्फुस. आत पांढरे ठिपके, रेषा दिसतात, ती श्वासनळ्यांमधली हवा. श्वासाबरोबर त्या रेषा पुढेमागे धावत असतील तर नळ्या उघड्या आहेत आणि हे नुसतं दाबलेलं नव्हे, तर न्यूमोनिया झालेलं फुफ्फुस असण्याची शक्यता जास्त. जागच्या जागी थिजलेल्या असतील तर नळी कुठेतरी बंद आहे असा संशय घ्यायचा, गाठ तर नाही ना. शेवटी पाण्याच्या वरचा भाग आणि दुसरी बाजूही बघायची. ही दुसरी बाजू लोक विसरतात. पाणी डावीकडे म्हणून फक्त डावीकडे बघून पेशंटला उठवतात.

पावसाळ्यातली एक आजी आठवते. दोन्ही बाजूंना पाणी, उजवीकडे जास्त, तिला टॅपिंगसाठीच, म्हणजे सुईने पाणी काढायलाच पाठवलेलं, सुई-बाटली तयार. मी पाण्याच्या वर प्रोब नेला तर दोन्हीकडे प्लुराच्या रेघेपासून स्क्रीनच्या तळापर्यंत उभे पांढरे पट्टे, एकेका फासळीच्या फटीत तीनच्या वर. बी-लाइन. म्हणजे फुफ्फुसाच्या आतच पाणी मुरलेलं, दोन्हीकडे सारखं, आणि मानेतली शीर फुगलेली, पाय सुजलेले. हार्टचं होतं सगळं. फिजिशियन आमचे शेजारीच बसतात, त्यांना बोलावून दाखवलं, त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि लघवीचं औषध सुरू केलं. जेवणाखाण्याचं विचारलं तर आजी म्हणाली, "सुको बांगडो नाय तर पेज घशाखाली उतरणा नाय." जून-जुलैत मासेमारी बंद असते, घराघरात सुकी मासळी, लोणचं, पापड, त्यातलं मीठ हार्टच्या पेशंटला थेट बाधतं. ते आमच्याकडे दर पावसाळ्यात दिसतं. आठवडाभराने आजी परत आली तेव्हा पट्टे गेलेले आणि पाणी तळाला थोडंसं उरलेलं. फक्त "दोन्ही बाजूंना पाणी" एवढा रिपोर्ट दिला असता तर त्या दिवशी तिला सुई टोचली गेली असती, कदाचित दोन्हीकडे.

दुसरा एक पेशंट मनातून जात नाही. दशावतारात राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करायचा, पन्नाशीच्या आसपासचा, उंच, आवाज असा की बोलायला लागला की बाहेरचे पेशंट गप्प व्हायचे. कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की या लोकांचा हंगाम, रोज नवं गाव, रात्रभर नाटक, पदं म्हणायची, तलवारी घेऊन नाचायचं, पहाटे टेम्पोत झोपायचं. "पद म्हणताना दम पुरणा नाय, आधी वाटला वय झाला," म्हणाला. संध्याकाळचा बारीक ताप, कोरडा खोकला, वजन उतरलेलं, हे सगळं त्याने हंगामाच्या नावाखाली अंगावर काढलेलं. शेवटी गणपतीला आलेल्या मुंबईच्या पुतण्याने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं, आमच्याकडे हे फार होतं, चाकरमानी गावी आले की घरातल्यांचं आजारपण त्यांच्या नजरेला पडतं. एक्स-रेत डावी बाजू अर्ध्याच्या वर पांढरी. एके ठिकाणी पाणी काढायचा प्रयत्नही झालेला, सोनोग्राफी न करता, एक्स-रे बघून आणि पाठ वाजवून. "थय सुय घातली, पण पाणी येवक नाय." घरच्यांची समजूत झालेली की पाणी घट्ट झालंय, आता ऑपरेशनच, आणि ऑपरेशन म्हणजे गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल किंवा मुंबई.

प्रोब ठेवला तर आत सगळी जाळी. आडवे-उभे पांढरे तंतू, त्यांच्यामध्ये पाण्याचे लहानमोठे कप्पे, काही कप्प्यात काळं पाणी, काहीत कण. जिथे सुईची खूण होती तिथे बरोबर खाली जाड पदर आणि एक चिंचोळा कप्पा, तिथे पाणी मिळणं कठीणच होतं. मी खोलीतले दिवे मालवून हळूहळू सगळी पाठ फिरले. काखेच्या मागच्या रेषेत थोडं वर एक मोठा कप्पा होता, मोकळा, आणि त्याच्या मागे फुफ्फुसाची कड. ती कड हलत होती. थोडी, पण हलत होती. मी त्याला बोलायला सांगितलं, मग एक पद गुणगुणायला सांगितलं, मोठ्याने नको म्हटलं, आणि त्याने खरंच राजाच्या प्रवेशाचं काहीतरी पुटपुटलं आणि ती कड प्रत्येक श्वासाला पाण्यात पुढे यायची आणि मागे जायची. पुतण्या स्क्रीनकडे बघत होता, त्याला मी बोट ठेवून दाखवलं, हे तुझ्या काकांचं फुफ्फुस, हे अजून काम करायला बघतंय.

फिजिशियननी तिथेच, माझ्या खोलीतच, त्या कप्प्यात सुई घातली आणि गवती पिवळं पाणी आलं. सगळं निघणार नव्हतंच, तपासणीपुरतं आणि थोडा दम हलका होईल एवढं काढलं. प्रोटीन जास्त, एलडीएच नावाचं एन्झाइम जास्त, म्हणजे 1972 साली लाइट या डॉक्टरांनी सांगितलेल्या निकषांप्रमाणे एक्झुडेट, प्लुराच्याच आजाराने झिरपलेलं पाणी, पेशी बहुतेक लिम्फोसाइट, आणि टीबीच्या पाण्यात वाढणारं एडीए हे एन्झाइम 40 च्या बरंच वर. सगळं टीबीकडे बोट दाखवणारं. पाण्यात टीबीचे जंतू थेट दिसणं दुर्मिळच असतं, दहातल्या एकाच्याही कमी वेळा, त्यामुळे रिपोर्टमध्ये जंतू नाहीत म्हणजे टीबी नाही असा अर्थ काढायचा नसतो, हे पुतण्याला दोनदा समजावलं कारण गावात कोणीतरी त्याला नेमकं उलटं सांगितलेलं. सहा महिन्यांची औषधं सुरू झाली. निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी नोंदणीत नाव गेलं, पोषण आहाराचे पैसे खात्यात यायला लागले, आता महिन्याला 1000 मिळतात, 2018 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा 500 होते.

मधे मधे मी त्याची सोनोग्राफी करत राहिले, आणि एवढ्या सगळ्या गोष्टींत मला खरं समाधान या मधल्या सोनोग्राफींनी दिलं. रेडिएशन नाही, पुन्हा पुन्हा करता येते, खर्च कमी. कप्पे लहान होत गेले, डायफ्राम सपाट झालेला तो परत घुमटासारखा वर यायला लागला आणि श्वासाबरोबर खालीवर व्हायला लागला, वरच्या भागात राखाडी फुफ्फुस दिसेनासं झालं कारण त्यात हवा भरली, पुन्हा ती चमकदार रेघ आणि तिच्या प्रती. जिथे फुफ्फुस दिसेनासं होतं तिथे ते बरं झालेलं असतं, ही छातीच्या सोनोग्राफीतली गंमत मला अजूनही सरावाची झालेली नाही. तळाला मात्र काही भागात रेघ जाड राहिली आणि सरकेना. टीबीच्या पाण्यानंतर असा जाडसरपणा पुष्कळांत उरतो. पुढच्या हंगामात त्याने राजा केला नाही, ऋषीची, ब्राह्मणाची कामं घेतली, पदं कमी, बसून जास्त. राजा परत केला तो त्याच्या पुढच्या वर्षी.

सगळ्या गोष्टी अशा होत नाहीत. किनाऱ्यावरच्या एका गावातला म्हातारा मच्छीमार, फुफ्फुसाचा कॅन्सर, पाणी पुन्हा पुन्हा भरायचं, रक्तमिश्रित. मुलगा मोठा प्रेमाचा, दर वेळी म्हणायचा, "मॅडमानू, आता सगळाच काढून टाका, परत परत येवक नको." एका वेळी दीड लिटरच्या वर सहसा काढत नाहीत, आणि त्याच्या आधीही पेशंटला खोकल्याची उबळ आली, छाती आवळल्यासारखी वाटली तर थांबायचं, कारण दाबून राहिलेलं फुफ्फुस एकदम उघडलं तर त्यातच पाणी भरू शकतं, जीवावर बेतू शकतं. हे मुलाला पटत नव्हतं. मग मी त्याला स्क्रीनसमोर बसवलं. त्याच्या वडिलांचं फुफ्फुस पाण्यात अजिबात लवलवत नव्हतं, वर जाड थर, प्लुरावर गाठी, डायफ्रामवरही. पाणी काढत असताना बाजूला प्रोब धरला तरी ते फुगेना, पाणी कमी झालं तशी छाती दुखायला लागली. त्याला सांगितलं, बघ, हे आता बाहेर येणार नाही, त्यामुळे पाणी काढलं तरी ती जागा परत भरणार. तरी वडिलांना बरं वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं, पाण्याच्या वजनाने दबलेला डायफ्राम थोडा मोकळा झाला की फुफ्फुस न फुगताही दम हलका होतो. थोडं काढून झालं की ते उठून बसायचे आणि चहा मागायचे. तेवढ्यासाठी काढायचं, सगळं काढायच्या हट्टाने नाही, हे मुलाला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं आणि त्यानंतर त्याने तो हट्ट केला नाही. मला वाटतं अशा वेळी घरच्यांना स्क्रीन दाखवणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि ते करायला मशीन महागडं असावं लागत नाही.

आता एक गोष्ट जी मला मनापासून खटकते. बऱ्याच ठिकाणी अजून असं चालतं की सोनोग्राफीवाल्याने पेनाने पाठीवर फुली मारायची, पेशंटला वॉर्डात पाठवायचं आणि तिथे कोणीतरी दोन तासांनी त्या फुलीवर सुई घालायची. कधी तर फुली एका गावात आणि सुई दुसऱ्या गावात, मधे हायवेचे खड्डे. माणूस बसलेला होता तो आता झोपलाय, हात वर होता तो खाली आलाय, कातडी सरकते, पाणी सरकतं, डायफ्राम वर येतो, आणि फुलीच्या खाली आता लिव्हर किंवा प्लीहा असू शकते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने 2010 मध्येच सांगितलं की पाण्यासाठीची कुठलीही प्रोसिजर सोनोग्राफी बघूनच करा, आणि लांबून फुली मारून देण्याची पद्धत, पाणी खूप मोठं असेल तर ठीक, एरवी नको. प्रोब उचलला की त्याच स्थितीत, त्याच मिनिटाला सुई. दोन फासळ्यांमधून जाताना खालच्या फासळीच्या वरच्या कडेला धरून, कारण प्रत्येक फासळीच्या खालच्या कडेने धमनी, शीर आणि नस चालतात. आणि मणक्याला फार चिकटून नाही, तिथे ती धमनी वाकडीतिकडी, फासळीचा आडोसा सोडून मधे आलेली असते, म्हाताऱ्यांमध्ये तर जास्तच. कलर डॉप्लर, म्हणजे मशीनची रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय, लावला तर ती कधीकधी दिसतेसुद्धा. सुई निघाल्यावर परत वरच्या बाजूला प्रोब ठेवायचा आणि रेघ सरकतेय ना बघायचं, सरकत असेल तर तिथे हवा शिरलेली नाही.

लोक म्हणतात मग मशीनच वॉर्डात, खेड्यात, पेशंटच्या घरी न्या ना. तसं नेता येत नाही. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या कायद्याखाली मशीन जिथे नोंदवलंय त्या जागेबाहेर ते नेता येत नाही, आणि कोण वापरू शकतं यालाही नियम आहेत. याचा त्रास छातीच्या पेशंटला होतो, फिजिशियनला शिकायची इच्छा असूनही हात घालता येत नाही, हे खरं आहे. तरीही हा कायदा सैल करा असं मी कधी म्हणणार नाही. गर्भलिंग तपासणीवर देशात सगळ्यात आधी, 1988 मध्ये, कायदा केला तो महाराष्ट्राने, 1994 चा केंद्राचा कायदा त्यानंतरचा, आणि इतकं होऊनही 2011 च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे 894 मुली होत्या. मी रोज गरोदर बायकांचे फॉर्म भरते, मला माहितेय ते कागद कशासाठी आहेत. म्हणून आम्ही उलटी सोय केली, मशीन हलत नाही तर पेशंट आणि सुई धरणारा दोघांनाही मशीनजवळ आणायचं. खोलीत एक उंच स्टूल, एक टेकायला टेबल, ऑक्सिजनचा सिलिंडर, इन्व्हर्टर, कारण पावसात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. एवढ्यावर भागतं.

रिपोर्ट लिहिताना मी आता ठरावीक गोष्टी सोडत नाही. पाण्याचा स्वभाव, जाळी आहे की नाही, प्लुरा किती जाड, 10 मिलिमीटरच्या वर किंवा गाठी असतील तर कॅन्सरचा संशय स्पष्ट शब्दात. डायफ्राम हलतो का, कुठल्या बाजूला झुकलाय. फुफ्फुस दाबलेलं की न्यूमोनिया झालेलं, पाण्यात मोकळं की अडकलेलं, वरच्या भागात रेघ सरकते का, बी-लाइन आहेत का, दुसरी बाजू कशी. एमएल सगळ्यात शेवटी. सुरुवातीला काही डॉक्टरांनी फोन करून विचारलं की एवढं कशाला, आता तेच फोन करून विचारतात की मॅडम, फुफ्फुस सुटं आहे ना? पेशंटच्या घरच्यांनीही हे विचारावं असं मला फार वाटतं, पाणी किती विचारून झालं की आत फुफ्फुस कसं दिसतंय हेही विचारा, आणि पाणी काढायचं असेल तर त्याच वेळी सोनोग्राफी बघून काढणार ना, असं विचारा. हक्काने विचारा.

आणि जवळपासच्या इंटर्न, नवीन फिजिशियन मंडळींना सांगणं आहे, मशीन हातात घेता आलं नाही तरी शेजारी उभं राहून बघता येतं, आणि बघितल्याशिवाय हे वाचून कळत नाही. सकाळी गरोदर बायकांची गर्दी असते, दुपारी दोननंतर या. टॅपिंगचे पेशंट आम्ही मुद्दाम तेव्हाच ठेवतो.